३०० किलोमीटर, ३६ मिनिटं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी हल्ली टाळतो. दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, मग तिकिटावर एक तास दहा मिनिटं कशी? उड्डाण नियोजनात माझी सगळी नोकरी गेली म्हणून मलाच विचारता, आणि विचारताना कुणीतरी फसवतंय असा सूर असतो.

फसवत कुणी नाही. ३०० ही पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली सगळ्यात जवळची वाट. विमान अगदी त्याच वाटेने जाईल असं नाही. आणि तिकिटावरची वेळ हवेतली नसते; चाकांखालचे अडणीचे ठोकळे, म्हणजे चॉक्स, काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर स्टँड म्हणजे विमान उभं करायची जागा मिळणं ह्याला जो वेळ लागतो तो ३,००० किलोमीटरला लागतो तितकाच ३०० लाही लागतो. म्हणून जवळच्या प्रवासात तो डोळ्यांवर येतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

भाचीची मुलाखत होती. पावणेअकराला हजर राहायचं, विमानतळापासून गाडीने पंचवीस मिनिटं. विमान नऊचं, पोचायची वेळ दहा दहा. तिने फोन केला, "मामा, आदल्या रात्रीच जाऊ का?" मी म्हणालो, कशाला? एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, ताशी ५०० किलोमीटरने जातं, ३०० ला ३६ मिनिटं. वर दहा धर. वेळापत्रकात कंपन्या मुद्दाम जास्तीची मिनिटं घालतात, पावणेदहाला तू खाली असशील.

त्या दिवशी समोरून ६० नॉटचा वारा होता, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. जमिनीवरचा वेग ५०० वरून ३८९ वर आला आणि माझ्या ३६ मिनिटांची ४६ झाली. खाली धावपट्टी एकच, ती मोकळी होईपर्यंत होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेतच घिरट्या घालत, चार फेऱ्या. एक फेरी साधारण चार मिनिटांची. दार उघडलं तेव्हा दहा बत्तीस झाले होते. ती धावत पोचली तेव्हा दहा-बारा मिनिटं उलटली होती. तिला आत घेतलं नाही.

वारा माझ्या हातात नव्हता, हे मी घरात पुष्कळदा बोललो. वेळापत्रकही त्या दिवशी चुकलंच होतं, हेही बोललो. दोन्ही खरं आहे. पण वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय कामावर मी एकाही उड्डाणाच्या कागदावर सही केली नव्हती, आणि भाचीला मात्र नुसता भागाकार करून दिला. का? तिला धीर द्यायचा होता, असं मी तेव्हा म्हणायचो. आज वाटतं, मला तिच्यापुढे जाणकार दिसायचं होतं. कधी वाटतं, हेही मी उगाच स्वतःवर घेतोय. रात्री निघाली असती तरी ते विमान रद्द झालं नसतंच असं कोण सांगणार?

मला ती एका शब्दाने बोलली नाही. अजूनही कुठे निघायचं असलं की आधी मलाच विचारते, "मामा, किती वेळ लागेल?" मी तिकिटावरची वेळ वाचून दाखवतो आणि आदल्या दिवशीचं विमान आहे का ते बघ म्हणतो.