सुभद्रेचे गाणे, गिरगावातल्या संध्याकाळी

गिरगावातील साहित्य संघ मंदिरात आईसोबत ‘संगीत सौभद्र’ पुन्हा पाहिले, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक अजूनही इतके ताजे कसे वाटते, या विचारात चर्नी रोड स्थानकापर्यंत चालत आलो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे, तिचे मन मात्र अर्जुनावर जडले आहे. महाभारतात अर्जुन रैवतक पर्वताजवळून कृष्णाच्या संमतीने तिचे हरण करतो. त्रिदंडी संन्याशाच्या वेषात तो द्वारकेत येतो, हा प्रसंग भागवताच्या दशम स्कंधातला आहे. किर्लोस्करांनी नेमका हाच धागा उचलला, कारण ज्याच्यासाठी ती झुरते त्याच्याच सेवेला तिला धाडले जाते आणि तिला ते कळत नाही, या एका योजनेत विनोद आणि वेदना दोन्ही सामावतात.

मला सर्वाधिक भिडते ती सुभद्रेची एकटेपणाची पदे. थोरल्या भावाचा शब्द मोडण्याची मुभा नसलेली ही मुलगी कोणाला शरण जावे असे विचारते, तेव्हा ऑर्गन आणि तबला जणू तिच्या श्वासाबरोबर थांबतात. आईने त्या क्षणी माझा हात धरला. पदे लांबवून तानांची आतषबाजी करण्याचा मोह परवाच्या गायिकेने टाळला आणि शब्द स्वच्छ ऐकू दिले, याबद्दल मी तिचा मनापासून ऋणी आहे.