तुमच्यातला रिंगो कोण?

बीटल्स म्हणजे इंग्लंडच्या चौघांचा बँड: जॉन, पॉल, जॉर्ज आणि ड्रम वाजवणारा रिंगो. तो आवडणाऱ्या चार मित्रांत पहिलं भांडण ठरलेलं असतं, जॉन कोण? सांगलीच्या गावभागातल्या आमच्या गच्चीवरही ते झालं. दिल्याला कविता करायची खोड, म्हणून तो जॉन झाला. मला पेटीवर बऱ्यापैकी सूर काढता यायचे, तेवढ्या भांडवलावर मी पॉल पटकावला. अन्वर मिरजेचा आणि मोजकं बोलणारा, त्यामुळं त्याला न विचारताच जॉर्ज करून टाकलं. उरला संज्या. रिंगो व्हायला तो काही केल्या तयार होईना. "सगळ्यांच्या मागं बसून बडवायचं, ह्यात काय मजा हाय?" म्हणाला आणि रुसून पुढं बरेच दिवस गच्चीवर फिरकला नाही.

हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. तोवर बँड फुटून दोन दशकं होत आली होती. 8 डिसेंबर 1980 ला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला गोळ्या घालून मारलं, त्यालाही काही वर्षं लोटली होती. आणि आम्ही आत्ता कुठं त्यांची भांडणं मिटवायला बसलो होतो. चूक पॉलची, की जॉनच्या बायकोची, योकोची, की पैशाची? आयर्विन पुलावर संध्याकाळच्या संध्याकाळ या खटल्याची सुनावणी चालायची. मात्र संपलेल्या बँडच्या प्रेमात पडलं की एक सुख असतं. तो नवी रेकॉर्ड काढून आपला मुखभंग करत नाही. 1962 च्या ऑक्टोबरात 'लव्ह मी डू' आलं आणि 1970 च्या एप्रिलमध्ये फाटाफुटीची बातमी. मधल्या साडेसात वर्षांत या पोरांनी सगळं केलं. आमच्याकडं तेवढ्या वेळात एखादा रस्ता मंजूर होतो.

गाणी मिळायची ती कॅसेटवर. कुणाचा तरी पुण्याचा मावसभाऊ मूळ माल द्यायचा, आणि इथला दुकानदार तो कोऱ्या, नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा. त्याचा हिशेब सरळ होता. एका बाजूला 45 मिनिटं, टेप संपली की गाणं संपलं. 'अ डे इन द लाइफ'च्या शेवटी अनेक पियानोंवर एकदम दाबलेला एक प्रचंड स्वरमेळ आहे, चाळीसेक सेकंद विरत जाणारा. आमच्या कॅसेटवर त्याची सुरुवात व्हायला आणि टेपरेकॉर्डरचं बटण 'खट्' करून वर उडायला एकच गाठ पडायची. दिल्यानं त्या 'खट्'वर केवढं भाष्य केलं होतं! मरण असंच येतं, वगैरे. पुढं सीडीवर तो सूर अखेरपर्यंत ऐकला, तेव्हा आम्ही तिघं थक्क झालो आणि दिल्या नाराज. म्हणाला, "उगीच ताणलंय."

आता तर सगळं फोनवर आहे, स्वच्छ, अखंड, हवं तेव्हा. पण मला बीटल्स एकट्यानं ऐकताच येत नाहीत. गाडीत लावलं की गाण्याआधी शेरा ऐकू येतो. इथं संज्या मांडीवर ठेका चुकवायचा, इथं अन्वर डोळे मिटायचा, इथं दिल्या "आता बघ" म्हणून आपलं लक्ष हमखास उडवायचा. आमच्या निम्म्या इंग्रजी ओळी चुकीच्या पाठ होत्या, आणि अजूनही त्या तशाच म्हणाव्याशा वाटतात. मूळ ओळी वाचल्यावर काही ठिकाणी आमच्याच बऱ्या वाटल्या.

अन्वरला जॉर्ज केलं ते मात्र अचूक ठरलं. 1965 च्या 'रबर सोल'मध्ये 'नॉर्वेजियन वुड' आहे, त्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवलीय. अन्वरचं घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या जवळ. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून तलवारीचे हात तंतुवाद्यांकडं वळले, असा तिथला इतिहास. पंढरपूरकडचे मोठाले भोपळे, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. आम्ही टेपरेकॉर्डर बगलेत मारून तिथल्या एका ओळखीच्या चाचांकडं गेलो. ते घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार जुळवत, बसले होते. हे काम डोळ्यांपेक्षा कानांचं. घोडीचा माथा केसाएवढा जास्त घासला गेला तरी तारेचा आवाज पडतो. आम्ही गाणं लावलं आणि जगातला सगळ्यात मोठा बँड म्हणून भरपूर प्रस्तावना केली.

चाचांनी सबंध ऐकलं. मग म्हणाले, "सतार बाजारी हाय. जवारी कुणी काढलीच नाही. हातही कच्चा." आमचे चेहरे उतरलेले बघून त्यांनी भर घातली, "पण पोरगं सुरात हाय. फिरून लावा."

एवढं नेमकं समीक्षण नंतर कुठं वाचल्याचं आठवत नाही. जॉर्जनं ती साधीच सतार लंडनच्या एका दुकानातून घेतली होती, आणि रीतसर तालीम पुढं 1966 मध्ये रविशंकरांकडं सुरू केली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चाचांनी ते निव्वळ कानानं ओळखलं होतं. 1968 च्या जानेवारीत तर जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत होता. 'द इनर लाइट'चं संगीत आपल्याच वादकांना घेऊन त्यानं तिथं मुद्रित केलं. दिल्याला हे कळल्यापासून तो अस्वस्थ आहे. मिरज एका रात्रीच्या प्रवासावर, आणि हा बाबा तसाच परत गेला! चाचांनी जवारी काढून दिली असती, अन्वरच्या आईनं जेवू घातलं असतं. पुढं सतारीत आपण फार दूर जाऊ शकत नाही हे ओळखून जॉर्जनं ती बाजूला ठेवली आणि गिटारकडं परतला. हे मला त्याच्या वाजवण्याइतकंच आवडतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अन्वरनं आमच्या ग्रुपवर फक्त जॉर्जचा फोटो टाकला.

संज्यानं रिंगोपण कधी स्वीकारलं, ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा रिंगो मुळात डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीचे ड्रम वाजवतो आणि म्हणून त्याचे ठेके असे तिरके पडतात, हे वाचल्यावर. संज्याही डावखुरा. आता तो मार्केट यार्डात हळदीची अडत सांभाळतो. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरच्यांना आधी हलवलं ते यानंच. त्या धावपळीत त्याच्या स्वतःच्या कॅसेटी गेल्या, सगळ्या. आम्ही हळहळलो, तर म्हणाला, "पाठ हायत की." जॉन व्हायला आम्ही भांडलो, पण बँडमध्ये आधी रिंगो शोधावा हे आम्हाला चाळिशीनंतर उमगलं.

2 नोव्हेंबर 2023 ला 'नाऊ अँड देन' आलं. जॉननं सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर गायलेलं. पियानोखाली दबलेला त्याचा आवाज यंत्रबुद्धीनं सुटा करून घेतला, जॉर्जची 1995 सालची गिटार होतीच, पॉल आणि रिंगोनं बाकीचं पुरं केलं. आम्ही ते संज्याच्या गोदामात हळदीच्या पोत्यांवर बसून ऐकलं. दिल्याचं म्हणणं, हे बीटल्सचं गाणं धरायचंच नाही, मेलेल्या माणसाला विचारलं कुणी? अन्वरचं म्हणणं, कॅसेटवरनं उचललंय ना, मग आपलंच. मी पॉल असल्यामुळं समेट घालायला गेलो आणि दोन्हीकडून खाल्ली. हा वाद अजून मिटलेला नाही.

सध्याचा नवा वाद सहलीचा. दिल्याला बीटल्सचं गाव, लिव्हरपूल, बघायचंय. अन्वर म्हणतो आधी हृषीकेश, 1968 ला ते चौघं महर्षी महेश योगींच्या ज्या आश्रमात राहिले तो आता बघता येतो, आणि व्हिसा लागत नाही. संज्याचं मत अन्वरच्या बाजूनं पडलंय, पण सशर्त. तिकडचं जेवण पोटाला मानवणार नाही म्हणून रिंगोनं बॅगेतून बीन्सचे डबे नेले होते आणि तरीही तो सगळ्यांत आधी परतला, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळं तो सांगलीचा भडंग नेणार, भरपूर नेणार, आणि त्यातला जॉनला देणार नाही.