दुसऱ्याच्या नावावर गेलेला करंडक

रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा लोरां फ्रेसिनूस या फ्रेंच रग्बी प्रशिक्षकाबद्दल वाचत बसलो. तेरा जणांचं रग्बी, म्हणजे रग्बी लीग, आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. कबड्डी आठवावी: चेंडूवाल्याची पकड झाली की एक मोजायचा, सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. एवढं कळलं की पुरे.

फ्रेसिनूस १९७७ चा, फ्रान्समधल्या व्हिलनव-सुर-लो गावचा. हे गाव साधंसुधं नाही. पैसे घेऊन खेळतो असा ठपका ठेवून पंधरा जणांच्या रग्बीवाल्यांनी इथल्याच संघातल्या झां गालियाला बाहेर काढलं. त्याने १९३४ मध्ये तेरा जणांचा खेळ फ्रान्समध्ये उभा केला आणि १९३५ मध्ये पहिलं विजेतेपद व्हिलनवनेच पटकावलं. पुढे १९४१ मध्ये व्हिशी सरकारने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनधार्जिण्या फ्रेंच सरकारने, खेळावर बंदीच आणली, मालमत्तासुद्धा जप्त केली. युद्धानंतर खेळ परतला, तरी स्वतःला 'रग्बी' म्हणवून घ्यायला कित्येक वर्षं मनाई! असल्या गावातला पोरगा चिवट निघणारच.

तो इंग्लंडमध्ये वेकफील्डकडून खेळला, मग पर्पिन्यांच्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडून. बूट काढल्यावर तिथेच सहाय्यक झाला. फ्रेंच क्लब, पण मुख्य प्रशिक्षक दरवेळी ऑस्ट्रेलियाचा नाहीतर इंग्लंडचा. २०१३ च्या हंगामात पहिल्यांदा ती खुर्ची एका फ्रेंच माणसाला मिळाली, ती यालाच. २०१४ मध्ये संघ सुपर लीग या इंग्लंडमधल्या मुख्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यापासून एका विजयावर अडला. २०१७ मध्ये हंगाम चालू असतानाच त्याला घरी पाठवलं.

आणि २०१८ मध्ये, स्टीव्ह मॅकनमाराच्या हाताखाली, याच क्लबने वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०-१४ असं हरवून चॅलेंज कप हा इंग्लंडमधला बाद पद्धतीचा करंडक नेला. इंग्लंडबाहेरच्या क्लबने तो नेण्याची ही पहिलीच वेळ. सामनावीर टोनी गिगो, फ्रेसिनूसच्याही संघात खेळलेला. मॅकनमाराचं श्रेय मला कमी करायचं नाही; पण विक्रमांच्या यादीत आधीच्या माणसाला रकानाच नसतो, हे मला खटकतं.

नंतर फ्रेसिनूस फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषकात ग्रीसला हरवलं, इंग्लंडकडून हरले, आणि सामोआने तर ६२-४ असं झोडपलं. तो स्कोअर मी दोनदा वाचला. तरी २०२५ चा विश्वचषक फ्रान्समध्येच ठरला होता, म्हणजे घरच्या प्रेक्षकांपुढे संघ उभा करायची संधी समोर होती. २०२३ च्या मे महिन्यात पैशांची हमी द्यायला सरकार तयार होईना, आणि आयोजकांनी यजमानपदच सोडून दिलं.