जाळीला चिकटलेला कागद

एसी दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा चुकीचं निदान होतं ते गॅसचं. थंडावा कमी झाला की गॅस संपला, असं सांगून मोकळं व्हायचं. विंडो एसीमध्ये गॅस वापरून संपत नाही. नळ्यांचे सगळे सांधे कारखान्यातच ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून जोडून, कायमचे बंद केलेले असतात. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलेलाच असतो, आणि तो एकटा बाहेर पडत नाही. त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, तेलही झिरपतं आणि सांध्यावर चिकट डाग सोडतं. तो डाग न शोधता गॅस भरणारा माणूस दुरुस्ती करत नसतो.

हे सांगायचं कारण म्हणजे एका ताईंकडचा दीड टनाचा विंडो एसी. त्यांच्याकडे आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एक म्हणाला गॅस कमी, दुसरा म्हणाला कॉम्प्रेसर बसला. मीटर दोघांनीही लावला नव्हता.

हकीकत अशी, की फॅन मोटरचं बेअरिंग गेलं होतं. ताईंनी नवी मोटर मागवली आणि स्वतःच बसवली. सोबत मोटरला चालना देणारा कॅपॅसिटर आणि तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅटही बदलला. तेव्हापासून पंखा फिरत होता, हवा येत होती, पण खोली गार होत नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचा. आतल्या खोलीत त्यांचे आजारी वडील झोपायचे, म्हणून त्यांना ते काम लवकर हवं होतं.

समोरचं पॅनल काढलं आणि मला त्यांचं कौतुक वाटलं. प्रत्येक वायरला कागदी चिठ्ठी, वायरींच्या टोकांचे थिंबल नीट दाबलेले, कॅपॅसिटर पट्टीने घट्ट धरलेला. "काढण्याआधी फोटो घेतले होते," त्या म्हणाल्या. फोटोशी जुळवून पाहिलं, एकही वायर इकडची तिकडे नव्हती. थर्मोस्टॅटचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, कूलिंग कॉइलच्या पुढे, खोलीतून परत येणाऱ्या हवेत, कॉइलला न टेकता बसवला होता. ही जागा भलेभले चुकतात. बल्ब कॉइलला टेकला तर त्याला खोलीऐवजी कॉइलचं तापमान कळतं आणि कॉम्प्रेसर भलत्याच वेळी बंद होतो.

आधी कॅपॅसिटर. प्लग काढून, रेझिस्टरमधून त्यातला साठलेला भार उतरवून मगच मीटर लावला. त्याच्यावर कॉम्प्रेसरसाठी 45 आणि पंख्यासाठी 5 मायक्रोफॅरड लिहिलं होतं आणि मोजमाप तसंच आलं. मग कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलांमधले रोध मोजले. कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांची बेरीज रन ते स्टार्ट एवढी आली पाहिजे, ती आली. बॉडीला शॉर्ट नव्हता. कॉम्प्रेसर बसल्याची गोष्ट तिथेच निकालात निघाली.

आता गॅस. यंत्र चालू केलं आणि कॉम्प्रेसरच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. सुरुवातीला 7 अँपिअर, यंत्राच्या पाटीवरच्या आकड्याच्या आसपास. पण आकडा स्थिर राहिला नाही. आठ, साडेआठ, नऊ असा चढत दहाच्या पुढे गेला, टक्क असा आवाज आला आणि कॉम्प्रेसर थांबला. जादा करंट झाला की कॉम्प्रेसरचा पुरवठा तोडणारा ओव्हरलोड स्विच उघडला होता.

तो चढणारा आकडा पाहिला तेव्हाच गॅस कमी असल्याची शंका माझ्या मनातून गेली. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरला दाबायला कमी मिळतं आणि करंट नेहमीपेक्षा खाली राहतो. कूलिंग कॉइलही तेच सांगत होती. गॅस कमी असताना कॉइलचा सुरुवातीचा भाग तेवढा गोठतो आणि बाकीचा कोरडा राहतो. इथे सगळी कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी ओली होती. सांध्यांवर तेलाचा डाग नव्हता, कॉम्प्रेसरची गॅस भरायची नळी कारखान्यात चिमटून बंद केलेली तशीच होती. करंट चढतो याचा अर्थ कंडेन्सरमधली, म्हणजे मागच्या गरम कॉइलमधली, उष्णता बाहेर जात नाही आणि दाब वाढत चाललाय. कंडेन्सर तुंबलाय का पाहिलं, तर ताईंनी तो धुतलेला, पत्र्यांमधून आरपार उजेड दिसत होता.

"दादा, अजून एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "हल्ली बाहेरच्या बाजूच्या झडपांतून पाण्याचे तुषार उडतात. चौकट ओली होते. आधी असं कधी नव्हतं."

मी हातातलं काम तिथेच ठेवलं आणि बाहेरच्या बाजूला गेलो.

विंडो एसीत दोन्ही पंख्यांसाठी एकच मोटर असते, दोन्ही बाजूंना दांडा असलेली. आतल्या टोकाला ब्लोअर, बाहेरच्या टोकाला पंखा. बाहेरचा पंखा बाजूच्या झडपांतून हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून मागे ढकलतो. त्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं, ते तळाच्या ट्रेमधलं पाणी उचलून कंडेन्सरवर शिंपडतं. त्या पाण्याने कंडेन्सर आणखी निवतो. म्हणजे गरम हवा मागून यायला हवी आणि पाणी मागच्या कॉइलवर पडायला हवं.

यंत्र चालू करायला सांगितलं. बाजूच्या झडपेसमोर हात धरला, तर तळव्यावर गरम वारा आला. मागच्या जाळीसमोर मात्र काहीच नाही. खिशातला कागद जाळीजवळ नेला, तर तो ओढला गेला आणि जाळीला चिकटून बसला.

मोटर उलटी फिरत होती.

या कामातला तो क्षण मला फार आवडला. मी ताईंना बाहेर बोलावलं, कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांनाच धरायला लावला. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे पाणी यामुळेच बाजूला उडतंय!"

सगळं तिथून जुळत गेलं. पंख्याची पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात. उलट फिरवलं तर हवेची दिशा बदलते आणि मात्राही घटते. आतल्या ब्लोअरचं तसं नाही. तो उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, पण बरीच कमी. म्हणून खोलीत उभ्या माणसाला पंखा चालू आहे एवढंच कळतं, उलटा आहे हे कळत नाही. आधीचे दोघेही खोलीतच उभे राहिले होते.

आता मोटर उलटी का? ताईंनी जुनी मोटर जपून ठेवली होती, ती शेजारी ठेवून पाहिली. व्होल्टेज, फेरे, दांड्याचा व्यास, दोन्ही टोकांची लांबी, मायक्रोफॅरड, सगळं नव्या मोटरशी जुळत होतं. दिशाही त्यांनी वाचली होती, दोन्हींवर घड्याळाच्या दिशेने असंच लिहिलेलं. पण दोन्ही बाजूंना दांडा असलेली मोटर एका टोकाकडून पाहिली तर घड्याळाप्रमाणे फिरते आणि दुसऱ्या टोकाकडून पाहिली तर उलट. जुन्या मोटरवरची दिशा वायरच्या टोकाकडून सांगितलेली होती, नवीवरची त्याच्या विरुद्ध टोकाकडून. ते नव्या पाटीवर अगदी बारीक अक्षरांत होतं. बदली मोटर बनवणाऱ्यांनी हे ठळक छापायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

सुदैवाने ती मोटर दोन्ही दिशांना चालणारी होती. तिच्या वायरींमध्ये दिशा बदलायची एक लहान प्लगची जोडी होती. प्लग काढला, उलटा करून लावला. मोटर, ब्लोअर, पंखा काहीच खोलावं लागलं नाही. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे गॅसचे दाब एकमेकांशी जुळावेत म्हणून पाच मिनिटं थांबलो आणि मग चालू केलं.

कागद जाळीवरून उडाला. मागून गरम हवेचा झोत आला. करंट 7.2 वर गेला आणि अर्ध्या तासानेही तिथेच होता. परतीच्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक आधी जेमतेम 4 अंश होता, आता 11 झाला.

त्यांचा जुना कॅपॅसिटरही मोजला. पंख्याची बाजू 5 ऐवजी 2 च्याही खाली गेलेली, म्हणजे तो बदलला हे बरोबरच केलं होतं. जुना थर्मोस्टॅट मात्र चांगला निघाला, तो जपून ठेवायला सांगितलं.

"आणि गॅस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना पाटी दाखवली. त्यावर आर-32 आणि किती ग्रॅम ते छापलेलं होतं. हा गॅस पेट घेऊ शकतो. नळी एकदा कापली की निर्वात करून वजनावर मोजून भरावा लागतो, अंदाजाने भरून चालत नाही. मोटर, कॅपॅसिटर, थर्मोस्टॅट त्यांनी खुशाल पुन्हा बदलावेत, हात चांगला आहे. पण तेलाचा डाग दाखवल्याशिवाय त्या नळीला कुणालाही हात लावू देऊ नका, असं मी बजावलं. त्यांनी मार्कर आणला आणि पॅनलच्या आतल्या बाजूला मोटरच्या फिरण्याचा बाण काढून खाली लिहिलं, "खोलीच्या बाजूने पाहताना."