गुडघ्यापासून कंबरेपर्यंत: व्हीएकडे केलेल्या दाव्याचा अनुभव

कंबर दुखते हे व्हीएला पटवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. ती गुडघ्यामुळे दुखते, हे सिद्ध करताना मात्र घाम फुटला.

व्हीए म्हणजे अमेरिकेतलं माजी सैनिकांचं खातं; सेवेमुळे जडलेल्या दुखण्याच्या भरपाईचा दावा त्याच्याकडे करायचा. मी मूळचा पुण्याचा, एमएस करायला आलो आणि २०१० मध्ये ‘मावनी’ योजनेतून अमेरिकी लष्करात भरती झालो. ग्रीन कार्ड नसलं तरी लष्कराला हवी असलेली भाषा येत असेल तर घेत. माझी हिंदी कामी आली. २०१६ नंतर ती भरती थांबली. पाठीवर ओझं घेऊन लांब पल्ल्याच्या मार्चमध्ये उजवा गुडघा गेला. त्याची सगळी नोंद सेवेतल्या वैद्यकीय कागदांत होती, त्यामुळे गुडघ्याचं १० टक्के अपंगत्व सहज मान्य झालं.

पुढची काही वर्षं मी नकळत डाव्या पायावर भार टाकून चालत राहिलो आणि कंबरेने हळूहळू असहकार पुकारला. एमआरआयमध्ये वयाला साजेशी झीज, बाकी काही नाही. काही न दिसणाऱ्या दुखण्याचा दावा कसा करायचा? तर करता येतो. सॉन्डर्स नावाच्या माजी सैनिक महिलेच्या खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की नेमकं निदान नसलं तरी दुखण्यामुळे शरीराचं काम अडत असेल तर ते अपंगत्वच. आणि व्हीएचा नियम ३.३१० सांगतो की आधी मान्य झालेल्या दुखण्यातून दुसरं उद्भवलं, किंवा त्याच्यामुळे दुसरं वाढलं, तर तेही सेवेच्याच खात्यावर. यालाच सेकंडरी म्हणतात.

काउंटीच्या माजी सैनिक कार्यालयातल्या अधिकाऱ्याने फुकट मदत केली. (पहिल्या दाव्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून यावं.) त्याने आधी ‘इंटेंट टू फाइल’ भरून घेतलं. त्याने तारीख पक्की होते, मग मुख्य अर्ज भरायला वर्षभर मिळतं आणि मंजुरीनंतरचे पैसे त्या तारखेपासून धरले जातात. दुसरी गोष्ट त्याने बजावून सांगितली: व्हीएने ठरवलेल्या तपासणीला गेलास की ‘आय ॲम फाइन’ म्हणू नकोस. आपल्याकडे कसं असतं, पाय मोडला तरी विचारणाऱ्याला ‘बरंय, चाललंय’ म्हणतो. तिथे ते तसंच्या तसं लिहिलं जातं. किती दुखतं यापेक्षा त्यामुळे काय करता येत नाही ते सांगायचं, आणि वाईट दिवसांचं विशेष सांगायचं.

बायकोने साक्षीचं निवेदन लिहिलं. मला वाटलं चार ओळी लिहील. तिने दोन पानं भरली: मांडी घालून बसणं बंद झालं, गणपतीत पूजेला पाटाऐवजी खुर्ची लागते, रात्री उठून ओट्याला टेकून उभा असतो. मला स्वतःला यातलं निम्मं सुचलं नसतं.

तपासणी बाहेरच्या कंत्राटी डॉक्टरकडे झाली. त्याने कोनमापक लावून मला पुढे वाकायला लावलं, दुखणं कुठे सुरू होतं ते टिपलं, आणि अहवालात लिहिलं की गुडघ्याने कंबरदुखी झालेली नाही, कारण बैठं काम आणि वय. दावा नामंजूर.

साताऱ्याचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे तुला नाना केलं!” भारतीय लष्कराच्या मेडिकल बोर्डात सेवेमुळे झालं नाही आणि सेवेमुळे वाढलंही नाही असा शेरा आला की त्याला जवान ‘नाना’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनीच विचारलं, “झालं नाही असं लिहिलंय, ते कळलं. वाढलं नाही असंही लिहिलंय का रे?”

अहवाल पुन्हा वाचला. वाढण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

माझ्या पुनर्वसन तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गुडघा, चालण्यातला बिघाड आणि मग कंबर, ही साखळी त्यांनी पत्रात जुन्या नोंदींच्या तारखांसह मांडली. वाढण्याच्या मुद्द्याला एक अट असते: आधी दुखणं किती होतं, ते डॉक्टरने सांगावं लागतं. सुदैवाने एका जुन्या नोंदीत ‘अधूनमधून कंबरदुखी, हालचाल पूर्ण’ असं होतं. त्याच्या पुढची वाढ लंगडत चालण्यामुळे होण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे, असं त्यांनी लिहिलं. तेवढं पुरतं, पारडी सारखी असली तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा असा कायदाच आहे. नुसतं ‘असू शकेल’ लिहिलेली पत्रं मात्र कामाची नसतात.

हे पत्र जोडून सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा दावा, केला. नामंजुरीपासून वर्षाच्या आत केल्यामुळे मूळ तारीख शाबूत राहिली. नवी तपासणी झाली आणि कंबरेला २० टक्के मिळाले, कारण पुढे वाकणं ६० अंशांच्या वर जात नव्हतं.

आता गंमत बघा. २० आणि १० यांचे इथे २८ होतात. आधी २० टक्के वजा, मग उरलेल्या ८० चे १० टक्के म्हणजे ८. बेरीज २८, ती जवळच्या दहाला नेऊन ३०. काका म्हणाले, हा हिशेब आमच्या पे क्लार्कलाही जमला नसता.

हा ३० चा आकडा महत्त्वाचा, कारण तिथून बायको-मुलांसाठी जादा रक्कम सुरू होते. ती आपोआप मिळत नाही. २१-६८६सी नावाचा वेगळा अर्ज लागतो, आणि निकालानंतर वर्षाच्या आत दिला तरच मागची रक्कमही मिळते. आमचा अर्ज बायकोने निकाल आला त्याच आठवड्यात भरून टाकला.