संग्राहक हरल्यानंतर पिंजऱ्यांचे काय?

दुर्मीळ योद्धे जिवंत पकडून जमवणाऱ्या परग्रहवासी संग्राहकाची गोष्ट मला इतर कोणत्याही खलनायकाच्या गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करते, कारण त्याला नायकाचा जीव घ्यायचा नसतो. त्याला नायक धडधाकट आणि कायमचा आपल्या ताब्यात हवा असतो. जग जिंकायला निघालेल्या शत्रूला नायक निदान अडथळा तरी वाटतो. संग्राहकाच्या लेखी मात्र त्याचा पराक्रम, त्याचा शब्द, तो कोणासाठी लढतो आहे, यांपैकी कशालाच मोल नसते. तो आपल्या जातीतला शेवटचा आहे का, एवढेच तिथे विचारले जाते.

मार्व्हल कॉमिक्सचा कलेक्टर नावाचा संग्राहक १९६६ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स’ या महानायकांच्या चमूवरील चित्रकथेच्या २८व्या अंकात पहिल्यांदा आला, तेव्हा तो हव्यासाने पछाडलेला एक विक्षिप्त म्हातारा होता. १९७८च्या १७४व्या अंकात त्याचे खरे कारण उलगडले. जीवसृष्टीवर येऊ घातलेला संहार त्याला आधीच दिसला होता आणि त्या संहारातून काहीतरी वाचावे म्हणून तो नमुने साठवत होता. कॉरव्हॅक या महाबलाढ्य शत्रूच्या तडाख्यातून वाचवण्यासाठीच त्याने अ‍ॅव्हेंजर्सनाही एकेक करून उचलले होते. शेवटी बाहेर उरलेल्या हॉकाय या साध्या धनुर्धराने त्याला नमवले, आणि त्यानंतर लगेच कॉरव्हॅकने दुरूनच त्याचा अंत केला. या कथेत संग्राहकाचे भय खरे ठरते, आणि तिचे बळ मला त्यातच दिसते. संकट खरोखरच येणार असले, तरी कोणाला न विचारता त्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार मिळतो का? माझे उत्तर ठामपणे नाही असेच आहे, पण ते देताना मला विचार करावा लागला, हे त्या कथेचे यश आहे.

हाच पेच १९९६ साली सुपरमॅनच्या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या ‘द मेन मॅन’ या दोन भागांच्या कथेत अधिक नेटकेपणाने मांडला गेला. नामशेष होत चाललेल्या जीवांचा संग्रह करणारा प्रिझर्व्हर हा लोबो नावाच्या इनामखोर शिकाऱ्याला पैसे देऊन सुपरमॅनला, म्हणजे क्रिप्टॉन या नष्ट झालेल्या ग्रहाच्या शेवटच्या पुत्राला, पकडून आणायला सांगतो. सुपरमॅनला जिथे ठेवले जाते, तिथे क्रिप्टॉनसारखा देखावा उभारलेला आहे आणि वरून लाल सूर्याचा प्रकाश पडतो. मायभूमीची आठवण करून देणारा तोच प्रकाश त्याची शक्ती काढून घेतो. म्हणजे या पिंजऱ्यातली आस्था आणि बेडी या दोन्ही एकाच दिव्यातून येतात. पुढे लोबोही आपल्या जातीतला एकटाच उरला आहे हे लक्षात येताच प्रिझर्व्हर त्यालाही डांबतो. त्या जातीचा संहार खुद्द लोबोनेच केला आहे, याच्याशी प्रिझर्व्हरला काही देणेघेणे नाही. योद्धा चांगला की वाईट हा प्रश्नच मिटून जातो आणि कालपर्यंतचे हाडवैरी नाइलाजाने खांद्याला खांदा लावून लढतात.

प्रिझर्व्हर मरतो, तेव्हा बहुतेक कथा जिथे थांबल्या असत्या, तिथे ही कथा थांबत नाही. त्याच्या जहाजावर कितीतरी प्राणी उरलेले असतात आणि त्यांना परत पाठवायला घरच शिल्लक नसते. सुपरमॅन त्यांना उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातल्या आपल्या दुर्गात आणून ठेवतो. त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही, तरीही शेवटी त्या प्राण्यांचा राखणदार बदलला, एवढेच घडले असे मला पुन्हा पुन्हा वाटते.

सुपरमॅनच्या वाट्याला हे ओझे पहिल्यांदाच आलेले नव्हते. १९५८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या २४२व्या अंकात ब्रेनिअ‍ॅक या परग्रहवासी खलनायकाने शहरेच्या शहरे लहान करून बाटल्यांत भरली होती. पृथ्वीवरची शहरे सुपरमॅनने पूर्ववत केली, पण क्रिप्टॉनचे कँडोर शहर बाटलीतच राहिले आणि ती बाटली त्याने आपल्या दुर्गात ठेवली. पुढे १९७९ साल उजाडेपर्यंत कँडोरचे रहिवासी त्या काचेआड आपापले संसार करत होते. संग्राहकाला हरवणे तुलनेने सोपे असते. त्याने जमवलेल्या जिवांची जबाबदारी मात्र नायकाच्या अंगावर पडते, आणि तिथेच त्याची खरी कसोटी लागते. त्यामुळे २०१४च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’मध्ये कलेक्टरची गुलाम कॅरिना अनंतमणी, म्हणजे प्रचंड विध्वंसक शक्तीचा एक मणी, हाती घेते आणि त्या स्फोटात त्याचा सगळा संग्रह उद्ध्वस्त होतो, तेव्हा मला समाधान वाटले नाही. कॅरिनाचे बंड समजण्यासारखे आहे, पण त्या काचपेट्यांतल्या इतर बंदिवानांची चौकशी चित्रपटातला एकही नायक करत नाही.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या मालिकेच्या १९९०च्या ‘द मोस्ट टॉइज’ या भागात ती चौकशी निदान सुरू तरी होते. कायव्हास फाजो हा व्यापारी डेटा या अँड्रॉइड, म्हणजे मानवाकृती यंत्र असलेल्या, अधिकाऱ्याला पळवून आणतो, त्याच्या गणवेशावर रसायन ओतून तो विरघळवतो आणि आपण दिलेल्या खुर्चीवर बसून पाहुण्यांसमोर बोलण्याचा हुकूम सोडतो. दुसरा एक संग्राहक हा नमुना पाहायला येतो, तेव्हा डेटा पुतळ्यासारखा निश्चल राहतो. एक शब्द नाही की एक हालचाल नाही. संग्राहकाला हवी असलेली नेमकी गोष्ट, म्हणजे जिवंतपणा, त्याच्यापासून हिरावून घेण्याचा इतका शांत प्रतिकार मी अन्य कोणत्याही कथेत पाहिलेला नाही. शेवटी कोठडीत पडलेल्या फाजोला डेटा कळवतो की चोरलेल्या सर्व वस्तू मूळ मालकांकडे परत जात आहेत. चित्रे परत जातील, हे ठीक. पण त्याच संग्रहात एक लॅपलिंगही होते. ही जात नामशेष झाली असेच सर्व जण समजत होते आणि जिवंत उरलेले ते शेवटचे होते. त्याचा मूळ मालक कोण मानायचा आणि त्याला कुठे नेऊन सोडायचे, याबद्दल कथा काहीच सांगत नाही. पुढचा एखादा लेखक संग्राहकाची गोष्ट लिहायला घेईल, तेव्हा त्याने सुरुवात इथूनच करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.