चायनाटाउनमधले नऊजणांचे व्हॉलीबॉल

बोस्टनमध्ये राहत असताना सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या जोडसुट्टीची मी वर्षभर वाट पाहत असे, कारण उत्तर अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांची व्हॉलीबॉल स्पर्धा त्याच सुट्टीत भरते. १९४४ पासून चालत आलेली ही स्पर्धा बोस्टन, न्यूयॉर्क, टोरोंटो, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत आळीपाळीने होते. ती दूरच्या गावी असली, तरी शेजारच्या चिनी कुटुंबाबरोबर मीही निघत असे. आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव बहुधा याच सुमारास येई, त्यामुळे घरी थोडी कुरबुर व्हायची.

दक्षिण चीनमधल्या तैशान भागातून आलेल्यांनी रुजवलेल्या या खेळात एका बाजूला नऊजण असतात आणि त्यांच्या जागा बदलत नाहीत. म्हणून जाळ्याजवळ उंच पोरे आणि मागे बुटके, चपळ काका, असा संघ सहज जुळतो. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद केली होती. तो १९४३ मध्ये रद्द होईपर्यंत बायकामुलांपासून दूर, लाँड्रीत आणि खाणावळींत राबणाऱ्या पुरुषांना सुट्टीच्या दिवशी गल्लीत जाळे बांधून खेळण्याइतकाच काय तो विसावा मिळत असे.

सामने अनेकदा उघड्या डांबरावर होत. चेंडू वाचवण्यासाठी पोरे त्या तापलेल्या डांबरावर बेधडक सूर मारत, आणि शेजाऱ्यांच्या आजी, सोलवटलेल्या कोपराकडे एकवार पाहून, नातवाच्या हातात बर्फाची पिशवी आणि बाओ, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, एकदमच देत. त्या नातवाला आजीची बोली जेमतेम कळत असे. पण आजोबा कोणत्या जागी खेळत, हे तो अभिमानाने सांगे आणि स्वतःही तिथेच उभा राही.

मैदानावरच्या नऊपैकी किमान सहाजण पूर्णपणे चिनी वंशाचे आणि उरलेले आशियाई वंशाचे असावेत, या नियमावरून दर वर्षी जेवणाच्या टेबलावर वाद रंगे. ज्यांना शतकभर परके ठरवले गेले, त्यांनी स्वतःसाठी एक मैदान राखून ठेवणे मला आजही न्याय्य वाटते. मात्र शेजाऱ्यांच्या मुलीने आयरिश मुलाशी लग्न केले होते, आणि तिचा लहानगा रेषेबाहेर गेलेले चेंडू धावत जाऊन आणून देई. त्याला त्या सहांत धरावे, असे आजींचे ठाम मत होते आणि माझेही तेच आहे.